त्यांचं रान

आश्विन वद्य तृतीया, मंगळवार. शिरवडीच्या कुरणातल्या गवताची बोली तेवीस हजार पाचशेला सुटली. बोली मारुतीच्या पारावर झाली. हजर होते सरपंच संपतराव, म्हणजे माझे धाकटे मेहुणे. सारोळ्याकडून आलेले दोन गोठेवाले. गावातली पंचवीस-तीस माणसं. चहाची किटली घेऊन पाराच्या पायरीवर बसलेल्या माझ्या सासूबाई. जावई म्हणून एकुलत्या एका खुर्चीवर बसवलेला मी. आणि पांढरी विजार घातलेले पुण्याचे एक गृहस्थ, ज्यांना गवताशी काहीच देणंघेणं नव्हतं.

याला आता बरीच वर्षं झाली. पण दरवर्षी हे दिवस आले, की भोरच्या आमच्या रस्त्यावरून गवताचे टेम्पो जायला लागतात. वर इतकं रचलेलं असतं, की टेम्पो दिसतच नाही, गंजीच चालत आल्यासारखी वाटते. विजेच्या तारांना घासून थोडं गवत खाली पडतं, मोकाट गाई ते उचलतात, आणि उरलेल्याचा वास आमच्या गॅलरीपर्यंत चढतो. उन्हात तापलेल्या, अर्धवट वाळलेल्या गवताचा वास. त्यात थोडी धूळ, थोडी सोनकीची सुकलेली फुलं, आणि अगदी आत पहाटेच्या दवाचा ओलावा. त्या वासाबरोबर त्या गृहस्थांनी पारावर विचारलेला प्रश्न मला पुन्हा पडतो. ती जागा कुणाची?

प्रश्न माझ्या पेशातला आहे. मी भोरला हायस्कुलात भूगोल शिकवतो. पण पेशापेक्षाही तो माझ्या गावाचा आहे. मी मूळचा भोंगवलीचा. सपाट मुलूख, पाण्याखालची शेती. तिथं बांधाला बांध लागलेला, आणि बांधावरच्या बाभळीलासुद्धा मालक. लहानपणी चेंडू कुठंही पडला तरी तो कुणाच्या तरी शेतात पडायचा. लग्न झालं आणि मी डोंगराकडच्या शिरवडीचा जावई झालो, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा एवढी मोठी जमीन पाहिली जी कुणा एकाची नव्हती. कुरण म्हणजे गावाचं सामाईक गवताचं रान. पावसाळाभर तिथं जनावर सोडायचं नाही, विळा लावायचा नाही. दसरा झाला की बोली. जो बोली घेईल त्यानं गवत कापून न्यायचं आणि पैसा पंचायतीत भरायचा. वर्षानुवर्षं हे चाललंय, आणि कुरणाला तारेचं कुंपण नाही. मला याचं फार नवल वाटायचं. सुनंदाला, माझ्या बायकोला, माझ्या नवलाचं नवल वाटायचं.

तर त्या दिवशी बोली सुटली, विडा-नारळ झाला, आणि पांढऱ्या विजारीचे गृहस्थ उठले. डोंगराकडे हात करून म्हणाले, “आणि ती वरची झाडी? गवत संपतं तिथून पलीकडे, खिंडीत? ती कुणाची?”

“ती त्यांची,” तीन-चार जण एकदमच म्हणाले.

“त्यांची म्हणजे?”

“आसनवाडीची. पल्याडच्या अंगाला गाव हाय. तिकडं वेल्हं लागतं.”

गृहस्थांचा तंबूंचा धंदा होता. शनिवार-रविवार शहरातली माणसं डोंगरात झोपायला येतात, त्यांच्यासाठी तंबू ठोकायचे, चुलीवरचं जेवण द्यायचं. त्या झाडीत एक झरा आहे, झऱ्याजवळ थोडी सपाटी आहे, ती त्यांनी हेरली होती. जागा ज्या गावाची असेल त्या गावाला दरवर्षी भाडं देऊ म्हणाले, आणि आकडा सांगितला. गवताच्या बोलीच्या आठपट होता.

संपतरावांच्या डोळ्यांपुढे काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही तेच आलं. पाण्याची टाकी. शिरवडीच्या बायका उन्हाळ्यात खालच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत, आणि माझ्या सासूबाईंचे गुडघे त्या विहिरीच्या पायऱ्यांनीच गेलेले. गायरान असं कुणाला भाड्यानं देता येतं का, हा प्रश्न वेगळा. त्याची परवानगी वरून आणावी लागते. पण परवानगी मागायची तरी आधी जागा आपली असायला हवी.

“दाजी,” संपतराव मला म्हणाले, “तुमी भूगोलवालं. जरा बगा की, खरंच त्यांची हाय का?”

“त्यात बगायचं काय?” तुकाराम तात्या म्हणाले. गावातले सगळ्यात वयस्कर तेच. “जन्मापास्नं ऐकतोय, त्यांचं हाय म्हून.”

“ऐकलंय तात्या. पायलंय का कुणी?”

“जावयाला बी कामाला लाव आता,” सासूबाई पायरीवरून म्हणाल्या. “आदी त्यास्नी च्या तरी दे, मुडद्या.”

*

मी नववीच्या मुलांना दरवर्षी एक काम सांगतो. शाळेतून घरी जाताना पायाखालची जमीन कुणाची, हे स्वतःला विचारत जायचं. दुसऱ्या दिवशी मुलं उत्तरं आणतात. रस्ता सरकारचा. नदी सरकारची. घाट देवळाचा. एसटी स्टँड सरकारचा. कापूरहोळच्या रस्त्याकडेचे मोठे वड? “सर, ते कुणाचेच नाहीत.” ‘सरकारचं’ आणि ‘कुणाचंच नाही’ ही दोन उत्तरं मुलं एकाच आवाजात देतात, जणू दोन्हींचा अर्थ एकच आहे. ‘आपलं’ असं उत्तर इतक्या वर्षांत एकाही पोरानं दिलेलं नाही. मुलांना दोष द्यायचा नाही. सार्वजनिक हा शब्द मोठी माणसंही दोनच ठिकाणी वापरतात, गणपतीला आणि संडासाला. पैकी पहिल्याला वर्गणी देतात आणि दुसऱ्याकडे नाक धरून पाहतात.

एकदा मुलांची सहल घेऊन मी एका राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. मोठं फाटक, तिकिटाची खिडकी, आणि काय काय करायचं नाही याची एक उंच पाटी. आत गेल्यावर सुंदर रान होतं, यात शंका नाही. पण बाहेर पडल्यावर कुंपणाच्या अलीकडची टेकडी पाहिली, तर ती बोडकी. कुंपणाची तार जिथून गेली होती तिथून रान सुरीनं कापल्यासारखं संपत होतं. एका मुलीनं विचारलं, “सर, तार नसती तर आतलं पण संपलं असतं का?” मी तेव्हा ‘हो’ म्हणालो. राखायचं तर तार आणि पहारेकरी लागतो, असंच मी शिकवत आलो होतो.

*

रविवारी मी आसनवाडीला निघालो. डोंगर चढून गेलं तर ती दोन्ही गावं शेजारीच आहेत, एका गावचा कोंबडा दुसऱ्या गावात ऐकू जावा इतकी. रस्त्यानं मात्र मोठा वळसा. भोरहून कापूरहोळला हायवेला लागायचं, थोडं पुण्याकडे जाऊन नसरापुरावरून वेल्ह्याच्या वाटेला वळायचं. वेल्ह्याचं नाव आता बदललं, तरी गाडीतली माणसं तिकीट वेल्ह्याचंच मागतात. भात पिवळा पडत होता, आणि जिथं आंबेमोहर लावला होता तिथं मोटारसायकल आपोआप हळू होत होती.

आसनवाडीत तिथले एक जाणते शेतकरी, नामदेव नाना, भेटले. खळं सारवून घेत होते. मी विचारलं, “नाना, ती वरची झाडी कुणाची?”

“ती व्हय? ती त्यांची. शिरवडीची.”

मला हसूच आलं.

“हसायला काय झालं पावणं?”

“शिरवडीचे म्हणतात तुमची.”

नाना हातातला शेणाचा गोळा तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिले. “आसं कसं? आमी तर कदी पाय न्हाई घातला.”

मग त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. त्यांच्या आज्याच्या काळात गवत कापताना दोन गावांत जुंपली होती. हद्द कुठं, यावरून. विळे चालले, आसनवाडीच्या एकाचा कान गेला. त्यानंतर दोन्ही गावचे जाणते खिंडीत बसले, बेलभंडार उचलला, आणि ठरलं: त्यांच्या हद्दीत विळा लावायचा नाही. दोन्ही बाजूंनी तीच शपथ, त्याच शब्दांत. हद्द कुठून हे मात्र कुणी बोललं नाही. बोललं असतं तर पुन्हा विळे निघाले असते.

“मग गवत कापताना थांबता कुठं?” मी विचारलं.

“गेल्या साली थांबलो तितं.”

“बरोबर तिथंच?”

“न्हाई, वाईच अलीकडं. उगा बोलणं नको.”

नाना मला वरपर्यंत सोडायला आले. गवत संपलं, पहिली करवंदाची जाळी लागली, तिथं ते चप्पल ओढत थांबले. “आता तुमी जावा फुडं. आमचं काम न्हाई. तुमी काय, कुणाचंच न्हाई.”

*

आत गेलं की उन्हाचा रंग बदलत होता. बाहेर कुसळं विजारीला चिकटत होती, ती आत सुटली. पायाखाली पाचोळा, वर हिरडा, जांभूळ, ऐन, आणि कुठून तरी मधमाश्यांचा एकसारखा आवाज. गवताच्या कडेला पोरसवदा झाडं होती, आत जावं तसतशी मोठी होत गेली. मी झऱ्याच्या आवाजाकडे चाललो, तोच आवाज आला.

“कोन हाय त्ये? तंबूवाल्याचा मानूस का?”

“नाही, मी मास्तर. शिरवडीचा जावई.”

“जावई व्हय. मग बसा. तंबूवाला असता तर कुत्रं सोडनार व्हते.”

कुत्रं एका म्हशीच्या सावलीत झोपलं होतं. त्यानं डोळाही उघडला नाही.

कोंडाबाई मरगळे गवळी धनगर. खिंडीत त्यांचा एकट्यांचाच झाप, म्हणजे कुडाची झोपडी. नवरा गेलेला, मुलगा शिरवळला कंपनीत, आणि इथं सात म्हशी, दोन गाई. दसऱ्यापासून पहिल्या पावसापर्यंत त्यांची जनावरं या झाडीत असत. खालच्या रानात भात, मग हरभरा. पाय पडला की भांडण. वरचे ओढे शिमग्याला आटतात. झरा तेवढा राहतो. तंबूवाला वर येऊन सपाटी पाहून गेला होता, ते त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

“हितं पानी हाय, म्हून हितंच तंबू,” त्या म्हणाल्या. “मंग माज्या म्हशी कुटं जातील? ल्योक म्हनतो, आये, शिरवळला ये. येते की. पर त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर. म्हशी जिना चढत न्हाईत.”

मी माझा प्रश्न विचारलाच. “हे रान कुणाचं, असं तुम्हाला वाटतं?”

“ज्याला इचारावं त्यो म्हनतो त्यांचं. म्हंजी माजं न्हाई, येवडं खरं.” आणि त्यांनी लोट्यातून ताक पुढे केलं.

परतताना मला एक गोष्ट डाचत होती. झाडं आत मोठी आणि कडेला लहान, हे मी आसनवाडीकडून जाताना पाहिलं होतं. मग शिरवडीकडून कसं असेल? पुढच्या रविवारी सुनंदाला घेऊन तिच्या माहेरकडून चढलो. सोबत तिची शिवणाची टेप. तिनं आधी कुरकुर केली, मग झाडांच्या बुंध्यांना टेप लावायला तिलाच गोडी लागली. कडेला मनगटाएवढी झाडं. थोडं आत मांडीएवढी. झऱ्याजवळचा हिरडा आम्हा दोघांच्या मिठीत मावेना. आणि झरा ओलांडून आसनवाडीकडे निघालं की पुन्हा मांडी, मनगट, करवंद. दोन्हीकडे सारखंच.

तिथं बुंध्याला टेकून बसल्यावर मला ते उलगडलं, आणि तो आनंद मला अजून आठवतो. वाईच अलीकडं! नाना म्हणाले तसं. दरवर्षी शिरवडीचा कापणारा गेल्या वर्षीच्या जागेच्या टीचभर अलीकडे थांबत होता, उगाच बोलणं नको म्हणून. आसनवाडीचाही तसाच. दोन्ही गावं एकमेकांना टाळत मागं मागं सरत होती, आणि सुटलेली टीच-टीच जमीन झाडं घेत होती. आधी मधली, मग तिच्या शेजारची. तीन पिढ्यांत कुणी एक रोप लावलं नव्हतं, पाटी लावली नव्हती, आणि ही राई उभी होती.

“म्हणजे भित्रेपणानं वाढलं म्हणा की रान,” सुनंदा म्हणाली.

“भिडेनं म्हण.”

“भीड भिकेची बहीण, असं आई म्हणते.”

“इथं तिला झाडं लागलीत.”

“फार कवी होऊ नका. टेप गुंडाळा नीट, मला ब्लाउज शिवायचेत.”

*

शिरवडीचा नकाशा भोरच्या कचेरीत, आसनवाडीचा वेल्ह्याच्या. दोन तालुके, दोन कचेऱ्या. कुणी दोन्ही नकाशे शेजारी ठेवायचं कारणच पडलेलं नव्हतं. मी दोन्हींच्या नकला काढल्या आणि आमच्या हॉलमध्ये फरशीवर पसरल्या. कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. माझी अपेक्षा होती की नकाशे भांडतील. एकात जागा त्यांची, दुसऱ्यात यांची, असं काहीतरी निघेल. निघालं ते अगदी साधं. दोन्ही नकाशांत हद्दीची रेघ तीच होती आणि ती झऱ्यावरून जात होती. झाडी बरोबर निम्मी-निम्मी. नकाशे एकमेकांशी सहमत होते. दोन्ही गावं मात्र आपापल्या नकाशाशी नव्हती. आणि झऱ्याजवळची सपाटी शिरवडीच्या निम्म्यात.

सुनंदानं विचारलं, “सांगणार संप्याला?”

सांगणार होतोच. विचारलं आहे आणि खरं ते समोर आहे, तर ते सांगायचं. पण फोन हातात घेतला तेव्हा कोंडाबाईंचा तिसरा मजला डोळ्यांपुढे होता, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना बांधलेलं फडकंही होतं. दोन्हींपैकी एकही खोटं नव्हतं.

“मंग आपलंच की वो दाजी!” संपतराव फोनवर ओरडले. मला त्या शब्दाचा चटका बसला. इतक्या दिवसांत त्या झाडीला ‘आपलं’ कुणी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो. वर्गात ज्या उत्तराची मी वाट पाहत होतो तेच उत्तर, आणि ते ऐकून मला बरं वाटलं नाही. आपलं म्हणजे आता मोजता येणार, देता येणार. त्या रात्री जेवताना मी सुनंदाला म्हणालो, जमीन सगळ्यांची असणं आणि जमीन आमच्या गावाची असणं यात नेमका काय फरक आहे, याचा धडा पुस्तकात नाही. ती म्हणाली, “भाकरी निवतेय.”

*

मोजणी दिवाळीनंतर झाली. म्हणजे ठरली होती. मोजणीचे साहेब तरुण होते, सोबत तिपायीवरचं यंत्र. त्यांनी नियम सांगितला: हद्दीचा दगड बसवताना दोन्ही गावांचे पंच समोर उभे पाहिजेत, त्यांनी पाहायचं, मग सह्या. शिरवडीचे पंच आमच्या कडेला येऊन उभे राहिले. पलीकडच्या कडेला, फांद्यांमधून दिसणारे, आसनवाडीचे. साहेब झऱ्याजवळ यंत्र रोवून तयार.

“या आता,” साहेब म्हणाले.

तुकाराम तात्या जागचे हलले नाहीत. “आदी त्यांस्नी येऊ द्या.”

“ओ नाना!” संपतराव ओरडले. “सायेब बोलावत्यात!”

“आमी हितंच बरं हाय!” पलीकडून आवाज. “तुमचं हाय, तुमी शिरा!”

“आमचं कुटलं? तुमचं!” इकडून तात्या.

“अहो, दोघांचं आहे!” साहेब. “निम्मं-निम्मं! नकाशात आहे!”

“मंग निम्मं कुटवर त्ये सांगा, तितवर येतो,” तात्या म्हणाले.

“तेच दाखवायला आत बोलावतोय ना!”

“आन् आत आल्यावर कळलं, पाय त्यांच्यात पडला, तर? आज्यानं बेलभंडार उचललाय.”

“शपथ विळ्याची होती, पायाची नाही,” मी मधे पडलो.

“मास्तर,” तात्या माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “विळा काय सोता चालत जातो व्हय?”

कोंडाबाई झऱ्याच्या दगडावर बसून पदराआड हसत होत्या. साहेबांनी शेवटी त्यांना विचारलं, “बाई, तुम्ही कुठल्या गावच्या?”

“मत आसनवाडीत, दूध भोरात.”

“मग दोन्ही गावांच्या पंच म्हणून चालणार नाही.”

“म्या कुटं म्हनलं चालंल?”

संपतराव चिडले. “काय लावलंय ह्ये! चला, म्या जातो.” आणि एकटेच आत शिरले. चाळिशीचा माणूस, याच डोंगराखाली जन्मलेला, पण त्या झाडीत पहिल्यांदा. झऱ्यापर्यंत तरातरा गेले. तिथं थांबून त्यांनी मागं पाहिलं. “या रं!” कुणी आलं नाही. त्यांनी वर पाहिलं, हिरड्याकडे. मग बराच वेळ वरच पाहत राहिले.

“सरपंच,” कोंडाबाई म्हणाल्या, “आलाच हायसा तर पानी तरी प्या.”

संपतराव ओणवे झाले, ओंजळीनं पाणी प्यायले, तोंडावरून ओला हात फिरवला. बाहेर आले तेव्हा राग गेला होता. मला हळूच म्हणाले, “दाजी, इतकं गार पानी आपल्या इतक्या जवळ व्हतं?”

पंच हजर राहिले नाहीत, असा शेरा मारून साहेब गेले. मोजणीची फी गेली ती गेली. तंबूवाल्यांनी पुढं चार-सहा फोन केले, मग धरणाच्या पाण्याकडेला कुणाची तरी खासगी जागा घेतली. झऱ्यालाच नळी लावून पाणी खाली आणावं, असंही कुणी सुचवलं. पण शिमग्यानंतर धार करंगळीएवढी होते. म्हशींना पुरते, गावाला पुरली नसती. टाकी झाली, ती दोन वर्षांनी, दुसऱ्या एका योजनेतून. मधले दोन उन्हाळे सासूबाईंनी आणि बाकीच्या बायकांनी त्याच पायऱ्यांवरून पाणी वाहिलं. ते दोन उन्हाळे मी त्या रानाच्या किमतीत धरतो. धरलेच पाहिजेत. रान फुकट राहिलं असं म्हणणारा माणूस त्या विहिरीवर गेलेला नसतो.

*

पण प्रश्न मिटला नव्हता. निम्मं आपलं आहे, हे आता दोन्ही गावांना ठाऊक झालं होतं, आणि कळलेलं परत न कळलेलं होत नाही. पौषात गोठेवाले विचारायला लागले, पुढच्या बोलीत वरची कड धरायची का? आसनवाडीकडूनही तीच कुजबुज आली. कड धरली की करवंद जाणार, मग मनगटाएवढी झाडं, आणि मग कोंडाबाईंच्या म्हशींना थारा राहणार नाही. नामदेव नानांनीच निरोप धाडला: बसू एकदा. दोन्ही गावं खिंडीत वाटेवर बसली, झाडीच्या बाहेर. मला का बोलावलं होतं ते मला नीट कळलं नाही. बहुतेक कुणाचाच नसलेला माणूस हवा होता.

नाना म्हणाले, “कापू नये आसं वाटतंय. आदी चुकून राखलं, आता ठरवून राखू.”

“राखायचं तर राखणदार लागतो,” तात्या.

सगळ्यांनी कोंडाबाईंकडे पाहिलं. त्या थोड्या लांब, म्हशींकडे तोंड करून बसल्या होत्या.

“कोंडाबाई, तुमची जनावरं हितंच ऱ्हातील,” संपतराव म्हणाले. “फकस्त चराईचं नावाला कायतरी द्यावं लागंल, दोन्ही गावास्नी.”

“पैसं न्हाई द्यायची म्या,” कोंडाबाई तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या. “घेनार.”

“आँ? कशाचं?”

“राखनीचं.” आता त्या वळल्या. “गेल्या साली डोंगरात फिरायला आल्याली पोरं चूल पेटती सोडून गेली. वनवा हितवर आला. कुनी इझवला? म्या आन् माज्या ल्योकानं, फांद्यांनी बडवून. तुमी दोन्ही गावं कडंला हुबं ऱ्हाऊन वरडत व्हता.”

“वरडायला बी दम लागतो,” तात्या म्हणाले, आणि दोन्हीकडची माणसं हसली.

“मंग वरडायचं तुमी घ्या, इझवायचं म्या घेते.”

आकड्यावर घासाघीस झाली. संपतराव म्हणाले, शिरवडीकडचं रान झऱ्याच्या सपाटीसकट आहे, तर आम्ही थोडं जास्त देऊ. कोंडाबाईंनी हात वर केला. “जास्त नगं. दोगांचं सारकंच. एकाचं जास्त घेतलं की त्यो म्हनंल, माजं.”

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, आणि मी तर हाच विषय शिकवतो.

रक्कम पावसाळ्यापर्यंतच्या राखणीची ठरली, आणि पैसे पुढच्या सोमवारी द्यायचे ठरले. मी पाहायला गेलो होतो. शिरवडीचे लोक आपल्या कडेला करवंदाच्या जाळीशी थांबले, आसनवाडीचे आपल्या. आत कुणी आलं नाही. शिरवडीनं दोन हजार दिले आणि आसनवाडीनं दोन हजार, दोन्ही कोंडाबाई मरगळे यांच्या हातात. ते घ्यायला त्या आधी या कडेला आल्या, नोटा मोजून कनवटीला लावल्या, आणि मग रान ओलांडून त्या कडेला गेल्या.